पिकअपचे इंजिन निवडताना: घाटाआधी खाणीचा चढ पाहा

प्रश्न : आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. हापूसची दोनशे कलमे आहेत आणि मोसमात आम्ही आंबा कोल्हापूरच्या बाजारात पाठवतो. आतापर्यंत गाडी भाड्याने घेत आलो. आता मुलगा हाताशी आला आहे, त्याच्याकडे चारचाकीचा परवाना आहे, म्हणून स्वतःचा पिकअप घ्यायचे ठरवले आहे. मोसम सोडून इतर वेळी चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची, वाहतूक करायची, कारण नात्यातल्या एकाची चिरेखाण जवळच आहे, आणि कोल्हापूरहून येताना पशुखाद्य व खत भरून आणायचे, असा बेत आहे. महिन्याला सरासरी दीड हजार किलोमीटर होतील. टाटा इंट्रा व्ही-३० ही दीड लिटर इंजिनाची आणि महिंद्रा बोलेरो पिकअप ही अडीच लिटर इंजिनाची, अशा दोन गाड्यांची कोटेशने आणली आहेत. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन्हींत सुमारे दीड लाखाचा फरक पडतो. मुलगा म्हणतो, छोटे इंजिन घेऊ, डिझेल वाचेल आणि हप्ताही कमी बसेल. वाडीतले जुने ड्रायव्हर म्हणतात, कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटातून भरलेली गाडी न्यायची तर मोठ्या इंजिनाला पर्याय नाही. छोटी गाडी घाटात दम टाकेल का? आम्ही काय करावे?

— एक बागायतदार

उत्तर : सप्रेम नमस्कार. गाडी कोणत्या रस्त्यावर, काय भरून आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत चालणार, हे आपण पत्रात स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ माझ्यावर आली नाही. माझे मत आधीच सांगतो. आंबा घाटासाठी आपल्याला अडीच लिटरचे इंजिन लागणार नाही. दीड लिटरची गाडी आपली मोसमातली खेप व्यवस्थित वर नेईल. तरीही आपल्या एकंदर कामाकडे पाहता माझा कल जास्त ओढ असलेल्या इंजिनाकडे आहे, आणि त्याचे कारण घाट नसून चिऱ्याची खाण आहे. आपल्या घरातला वाद घाटाभोवती फिरतो आहे, म्हणून आधी घाटाचाच हिशेब मांडू.

कंपन्यांच्या पत्रकांतले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. व्ही-३० चे इंजिन १४९६ सीसीचे असून त्याची ताकद ७० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याची ओढ, १४० न्यूटन मीटर आहे. बोलेरो पिकअपचे इंजिन २५२३ सीसीचे, ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क २०० न्यूटन मीटरच्या आसपास आहे. सीसीमध्ये एक हजाराचा फरक असूनही अश्वशक्तीत जेमतेम पाचाचा फरक आहे, आणि कोटेशन दाखवणारा विक्रेता बहुधा याच दोन आकड्यांपाशी थांबतो. खरा फरक टॉर्कमध्ये आहे, आणि त्याहूनही तो टॉर्क इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो यात आहे. छोट्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क मिनिटाला साधारण १,८०० फेऱ्यांपासून हाती येतो, तर मोठ्याचा १,४०० फेऱ्यांपासूनच येतो. त्यामुळे १,८०० फेऱ्यांवर दोन्ही इंजिने पूर्ण जोर लावून चालत असतील, तर छोटे इंजिन सुमारे ३६ अश्वशक्ती देत असते आणि मोठे सुमारे ५१. पत्रकात जो फरक पाच अश्वशक्तीचा दिसतो, तो प्रत्यक्ष ओढीच्या वेळी पंधराचा असतो.

आता ही ताकद घाटात किती लागते ते पाहू. डोंगरी भागातल्या महामार्गांची चढण साधारणपणे ५ ते ८ टक्क्यांत बसवलेली असते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता पाच ते आठ मीटर वर चढतो. व्ही-३० ची मालक्षमता १,३०० किलो आहे आणि भरलेल्या गाडीचे एकूण वजन सुमारे २.६ टन होते. एवढे वजन ७ टक्क्यांच्या चढावर ताशी ३० किलोमीटरने न्यायचे, तर गिअरबॉक्समधली घट धरूनही इंजिनाकडून साधारण २८ अश्वशक्ती लागते. ४५ च्या वेगाने न्यायचे तर ४२ च्या आसपास लागते. म्हणजे छोटे इंजिन १,८०० फेऱ्यांवर तीसच्या वेगाने आरामात चढेल, आणि पंचेचाळीसचा आग्रह धरला तर एक गिअर खाली घेऊन त्याला बावीसशे फेऱ्यांपर्यंत न्यावे लागेल. घाटाच्या पायथ्याच्या साखरप्याहून वर चढताना जी वळणे लागतात, त्यांत आंब्याच्या पेट्या भरलेली गाडी पंचेचाळीसने नेण्याचा विचारही कोणी करू नये. तेव्हा मोठ्या इंजिनाने घाटात जो वेग जास्त मिळतो, तो आपल्याला वापरताच येणार नाही.

आंब्याचे वजनही एकदा कागदावर मांडा. पाव किलोचे फळ धरले तर पाच डझनांच्या पेटीत पंधरा किलो फळ असते, आणि लाकडी पेटी व पेंढा मिळून ती अठरा ते वीस किलोच्या घरात जाते. पंचावन्न पेट्या भरल्या तरी भार हजार-अकराशे किलोच होतो, म्हणजे गाडीतली दोन माणसे धरूनही व्ही-३० च्या मर्यादेच्या आत राहतो. शिवाय ही खेप वर्षातून फार तर दोन महिने चालणार. दोन महिन्यांच्या कामासाठी वर्षभराचे डिझेल आणि हप्ता वाढवून घ्यावा, असे मला वाटत नाही.

वाडीतल्या जुन्या ड्रायव्हरांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. मालवाहू टेंपो घाटात उकळून उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहेत, चाकामागे दगड लावायला क्लीनर पाटीवर बसवून नेला आहे, आणि हा अनुभव खरा आहे. मात्र त्या काळी टनभराच्या गाडीत दोन टन भरणे हा रिवाज होता, आणि गाडी दम टाकायची ती मुख्यतः त्यामुळे. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचे, इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते. तीच गाडी महाराष्ट्रातल्या बहुतेक घाटांतून भाजीपाला, गॅसच्या टाक्या आणि घरसामान घेऊन वर चढली. सावकाश चढली, पण चढली. ठरलेल्या वजनात राहिले तर घाट हा बहुतांशी वेळेचा आणि योग्य गिअरचा प्रश्न उरतो.

चिरेखाणीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि मोसम संपल्यावर पावसाळ्यापर्यंत, तसेच पावसाळा सरल्यावर पुन्हा मोसमापर्यंत, आपली गाडी जास्त दिवस तिथेच राबणार आहे. खाण जसजशी खोल जाते तसतसा तळातून वर येणारा रस्ता उभा होत जातो. त्या रस्त्याला महामार्गाची कसलीच मापे लागू नसतात. पंधरा-वीस टक्क्यांचा चढ, वर लाल भुकटी आणि सुटा खडा, मधेच ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी, हे तिथले नेहमीचे चित्र. गाडी तळाशी चिऱ्यांनी भरली जाते, पुढे एखादा ट्रॅक्टर अडलेला असतो, आणि तो हलला की पूर्ण भाराने त्या चढावर जागेवरून सुटायचे असते. घाटात गाडी चालती असते, तिच्या अंगात वेग असतो. इथे शून्यातून सुरुवात असते.

या क्षणी ड्रायव्हरचे पाय काय करतात ते पाहण्यासारखे आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. छोट्या इंजिनाला आपला पूर्ण टॉर्क दाखवायला अठराशे फेरे लागतात, म्हणून उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबून इंजिन तिथवर चढवतो. चाके मात्र जागेवरच आहेत, तेव्हा इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांच्यातली सगळी तफावत क्लच प्लेटने घासून भरून काढायची असते, आणि डावा पाय अर्ध्यावर धरून ठेवावा लागतो. गाडी हलते, एखाद्या खड्ड्यात अडते, पुन्हा हाफ क्लच. दोन-तीनदा असे झाले की केबिनमध्ये जळका वास येतो. चौदाशे फेऱ्यांवरच दोनशे न्यूटन मीटर देणाऱ्या इंजिनाला हीच सुटका कमी घासाघाशीत जमते, कारण क्लच लवकर पूर्ण सोडता येतो. रोज चार-पाच खेपा याप्रमाणे महिनोन्‌महिने हे काम चालले, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट किती लवकर बदलावी लागते, यावर दोन्ही गाड्यांचा खरा खर्च ठरतो. मुलगा नवशिका आहे, त्यामुळे हा भाग मी आणखी गांभीर्याने घेईन. मुरलेला ड्रायव्हर कमी ओढीचे इंजिन सांभाळून घेतो, पण नवा हात क्लचवरच भार टाकतो.

पत्रकात ग्रेडेबिलिटी नावाचा एक आकडा असतो, आणि कोणी तो आपल्यासमोर ठेवेल. व्ही-३० ची ग्रेडेबिलिटी ३७ टक्के सांगितली जाते, म्हणजे कागदावर ती खाणीच्या चढाच्या जवळजवळ दुप्पट चढ चढते. हा आकडा खोटा नाही. परंतु गाडी चढू शकते का, एवढेच तो सांगतो; कितीदा, किती क्लच जाळून आणि सुट्या खड्यावर चाक फिरू न देता चढते, हे त्यात येत नाही. पहिला गिअर पुरेसा खालचा ठेवला की छोट्या इंजिनाच्या हलक्या गाडीचा हा आकडा मोठ्या गाडीपेक्षा सरसही दिसू शकतो. तेव्हा दोन गाड्यांची तुलना या एका आकड्यावर करू नका.

आता क्षमतेकडे वळू, कारण मोठे इंजिन आपोआप जास्त कमाई देत नाही. बोलेरो पिकअपमध्ये १.३ टनापासून १.७ टनापर्यंत पासिंगचे, म्हणजे कायद्याने मंजूर भाराचे, प्रकार येतात, आणि आपल्या कोटेशनमध्ये यांपैकी नेमका कोणता आहे हे पत्रात लिहिलेले नाही. तो १.३ टनाचा असेल, तर दीड लाख जास्त देऊनही आपण कायद्याने तेवढाच माल नेणार, कारण मोठ्या गाडीचे स्वतःचे रिकामे वजनही जास्त असते. तो १.७ टनाचा असेल तर हिशेब बदलतो. एक चिरा तीस किलोचा धरा आणि गाडीत दोन माणसे मिळून १३० किलो धरा, म्हणजे १.३ टनाच्या गाडीत ३९ चिरे बसतात आणि १.७ टनाच्या गाडीत ५२. खेपेमागे तेरा चिऱ्यांचा फरक पडतो. आपल्या खाणीतला चिरा किती वजनाचा आहे ते वजनकाट्यावर एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या, कारण मापागणिक वजन बदलते आणि पाणी प्यालेला चिरा बराच जड होतो.

खाणीवर कोणी आपल्याला वजन विचारणार नाही. दहा चिरे आणखी टाका, असेच सांगणारे भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये, अशी तरतूद आहे. पण दंडाहून मला काळजी वाटते ती पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तुटण्याची, टायर फुटण्याची आणि अपघात झाला तर विमा कंपनीने हरकत घेण्याची. मोठे इंजिन जादा भार सहज ओढते, म्हणून मोह वाढतो. ब्रेक, ॲक्सल आणि टायर मात्र ठरलेल्या वजनासाठीच बनवलेले असतात. १.७ टनाची गाडी घेतली तर ती १.७ टनाचीच गाडी आहे, हे मुलाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

पैशाचा हिशेब असा बसतो. दीड लाखाचा फरक पूर्ण कर्जातून भागवला आणि दहा टक्के व्याजाने पाच वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे ३,२०० रुपयांनी वाढतो. डिझेलसाठी समजा छोट्या गाडीने लिटरला सोळा आणि मोठ्या गाडीने तेरा किलोमीटरचे ॲव्हरेज दिले. महिन्याला दीड हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला अठरा हजार, आणि त्यात सुमारे २६० लिटर डिझेल जास्त जळेल. लिटरला ९० रुपये धरले तर हा बोजा वर्षाला तेवीस हजारांच्या पुढे, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन हजार रुपये होतो. दोन्ही मिळून मोठी गाडी आपल्याला महिन्याला पाच हजारांच्या थोड्या वर जड पडेल. खेपेमागे तेरा चिऱ्यांचे जादा भाडे आणि वाचलेली क्लच प्लेट यांतून एवढे निघते का, हे आपल्या भागातल्या दराने मांडून पाहा. पावसाळ्याचे चार महिने खाण बंद असते, पण हप्ता बंद नसतो; म्हणून हा हिशेब बारा महिन्यांचा न करता खाण चालू असलेल्या महिन्यांच्या कमाईवरच करा. मुलाचा डिझेलचा मुद्दा मोकळ्या रस्त्यापुरता रास्त आहे. खाणीतल्या कामात छोट्या इंजिनाला सतत खालच्या गिअरमध्ये जास्त फेऱ्यांवर राबावे लागते, तिथे त्याची बचत बरीच आटते, हे मात्र त्याने लक्षात घ्यावे.

आपल्या हातातले कोटेशन जुने असेल तर ते नव्याने मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीच्या किमती आता लागू नाहीत आणि दोन गाड्यांमधला फरकही थोडा बदललेला असेल.

आपण चढाविषयी विचारले आहे, उताराविषयी नाही, आणि मला मात्र उतार अधिक महत्त्वाचा वाटतो. पशुखाद्याची पन्नास किलोची वीस-पंचवीस पोती घेऊन मुलगा संध्याकाळी आंबा घाट उतरणार आहे, आणि पावसाळ्यात तो घाट धुक्याने भरलेला असतो. उतारावर गाडी रोखण्याचे काम ब्रेकइतकेच इंजिनानेही करायचे असते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला मागे ओढून धरते, आणि ही धरण्याची ताकद मोठ्या इंजिनात साहजिकच जास्त असते. छोट्या इंजिनाच्या गाडीने एक गिअर आणखी खाली उतरावे लागते, एवढाच फरक. धोका असतो तो चौथ्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर उतरण्यात. ड्रम तापतात, पॅडल खाली जाऊ लागते आणि गाडी धरत नाही. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजूनही अनेकांना आहे, आणि तिने माणसे गेली आहेत. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेलचा फवारा तसाही बंद होतो, तेव्हा न्यूट्रल करून काहीही वाचत नाही. गाडी कोणतीही घ्या, मुलाला ही गोष्ट शेजारी बसून शिकवा.

जास्त पासिंगच्या गाडीचा एक तोटा आंब्याच्या बाबतीत जाणवेल. १.७ टनासाठी बसवलेले पाटे कडक असतात, आणि मोसमाच्या सुरुवातीला जेव्हा वीस-पंचवीसच पेट्या निघतात तेव्हा अशी गाडी खड्ड्यांत आपटत चालते. फळाला मार बसतो आणि तो बाजारात पेटी उघडल्यावर दिसतो. अशा दिवसांत पेट्या हौद्याच्या पुढच्या भागात, केबिनला लागून रचाव्यात, कारण मागच्या ॲक्सलच्या पलीकडे दणका सर्वांत जास्त बसतो. टायरमधली हवा कंपनीने कमी भारासाठी सांगितलेल्या आकड्यावर आणावी आणि चिऱ्याची खेप धरण्याआधी आठवणीने पुन्हा भरावी.

आपण दोनच गाड्यांचा विचार केला आहे, पण मधला एक मार्ग आहे आणि तो पाहिल्याशिवाय निर्णय करू नये असे मला वाटते. इंट्राच्याच मालिकेत व्ही-५० ही गाडी आहे. तिचे इंजिन व्ही-३० सारखेच १४९६ सीसीचे, परंतु ताकद ८० अश्वशक्ती, टॉर्क २२० न्यूटन मीटर आणि मालक्षमता १,५०० किलो आहे. म्हणजे सीसीने लहान असलेले हे इंजिन टॉर्कमध्ये अडीच लिटरच्या बोलेरो पिकअपच्याही थोडे पुढे जाते. वाडीत चाललेला छोटे की मोठे हा वाद सीसीवर चालला आहे, आणि सीसीवरून आज ओढ कळत नाही, हे या एका गाडीवरून आपल्याला दिसेल. मोठ्या सीसीच्या बाजूने एक गोष्ट मात्र राहतेच: तेवढाच टॉर्क मोठ्या इंजिनाला कमी ताणाने देता येतो, आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, जोर येण्याआधीच्या अगदी खालच्या फेऱ्यांवर त्याचा हात वर असतो. खाणीतून सुटताना नेमके तेच फेरे कामाला येतात. त्यामुळे व्ही-५० आणि बोलेरो पिकअप यांत कागदावरून निवाडा होणार नाही.

इंजिन मोठे झाल्याने काही गोष्टी बदलत नाहीत, त्यांची भीती मनात असेल तर काढून टाका. खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचे दर सीसीनुसार ठरतात, मालवाहू गाडीचे मात्र एकूण वजनानुसार, आणि ७,५०० किलोपर्यंतच्या सगळ्या गाड्या एकाच गटात येतात. त्यामुळे तो हप्ता दोन्हींना सारखाच पडेल. मुलाचा हलक्या वाहनाचा परवानाही पुरेसा आहे. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आणि मोठे इंजिन जास्त पळेल म्हणून कोणी ते सुचवत असेल, तर मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेलाच असतो.

छोट्या अंतराच्या कामाबाबत एक सूचना करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या धुराच्या बीएस-६ निकषांमुळे अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेला असतो. इंजिन बराच वेळ गरम राहिले तरच ही साठलेली काजळी जळून जाते. खाण ते बांधकाम असे चार-पाच किलोमीटरचे फेरे आणि मधे मधे गाडी उभी, असे आठवडाभर चालले तर दिव्याची सूचना येऊ लागते. ती दिसली की दुर्लक्ष न करता गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या महामार्गावर सलग चालवून आणावी. इंजिन हवे त्यापेक्षा मोठे असेल आणि भार कमी असेल तर ते गरम व्हायलाही वेळ घेते. म्हणून नुसते हलके आणि जवळचे काम असणाऱ्याला मी कधीही मोठे इंजिन सुचवत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. दोन्ही विक्रेत्यांकडे डेमो गाडी मागा आणि ती भरून चालवून पाहण्याची अट घाला. रिकाम्या गाडीची चक्कर या निर्णयासाठी निरुपयोगी आहे. व्ही-३०, व्ही-५० आणि बोलेरो पिकअप यांपैकी ज्या मिळतील त्या आपल्या नातेवाइकांच्या खाणीत न्या, प्रत्येकीत तिच्या पासिंगइतकेच चिरे मोजून भरा आणि चढाच्या मध्यावर हँडब्रेक लावून उभी करा. तिथून मुलाला गाडी सोडायला सांगा, जुन्या ड्रायव्हरला नव्हे, कारण रोज चालवणार मुलगा आहे. क्लच पूर्ण सुटायला किती अंतर लागते, गाडी मागे सरकते का, चाक जागेवर फिरते का आणि केबिनमध्ये वास येतो का, हे पाहा. एकदा रिव्हर्स गिअरमध्येही चढावर घेऊन पाहा, कारण खाणीत वळवायला जागा नसते तेव्हा भरलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. त्यानंतर हीच गाडी सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चौदाशे फेऱ्यांवर आणून ॲक्सिलरेटर दाबा. जी कुरकुर न करता उचल घेते तिची खालची ओढ चांगली आहे, हे कोणत्याही पत्रकाशिवाय कळेल.

या चाचणीत व्ही-३० मुलाच्या हातून एका प्रयत्नात, हाफ क्लचवर न रेंगाळता बाहेर आली, तर मुलाचे ऐका आणि तीच घ्या. आंब्यासाठी ती पुरेशी आहे आणि पाच वर्षांत बराच पैसा वाचेल. ती अडली, तर व्ही-५० आणि १.७ टनाची बोलेरो पिकअप यांत निवड करा, आणि त्या दोन्ही सारख्याच सहजतेने बाहेर आल्या तर ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्याला जवळ पडते आणि जिचे क्लचचे सामान तालुक्याच्या गावात दुकानात मिळते, ती गाडी घ्या. १.३ टनाची बोलेरो पिकअप मात्र या कामासाठी घेऊ नका, कारण तिच्यात मोठ्या इंजिनाचे पैसे जातात आणि चिरे तेवढेच राहतात. चाचणी दिवाळीनंतर, खाण सुरू होऊन चढ कोरडा झाल्यावर करा आणि गाडी जानेवारीच्या आत दारात येईल असे पाहा, म्हणजे हापूसची पहिली पेटी निघण्याआधी मुलाला भरल्या गाडीने घाट चढण्या-उतरण्याचा दोन महिन्यांचा सराव मिळेल.